इंग्रजी बातमीत ‘सेड’ कसं वापरायचं: मराठी माध्यमातून आलेल्या नव्या बातमीदारांसाठी

मराठी माध्यमात शिकून इंग्रजी वर्तमानपत्रात, वृत्तसंस्थेत किंवा न्यूज वेबसाइटवर रुजू झालात, की डेस्ककडून, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या उपसंपादकांकडून, परत आलेल्या तुमच्या कॉपीत (लिहून दिलेल्या बातमीत) खुणा कुठे जास्त आहेत ते बघा. स्पेलिंग आता संगणकच सुधारतो. खुणा सापडतील त्या ‘कोण काय म्हणालं’ हे सांगणाऱ्या क्रियापदापाशी. इंग्रजीत त्यासाठी ‘से’ हे रोजचं क्रियापद आहे आणि बातमीत बहुतेक वेळा त्याचं भूतकाळी रूप ‘सेड’ येतं. शब्द शाळेपासून ओळखीचा, त्यामुळे तो वेगळा शिकावा लागेल असं कुणाला वाटत नाही. डेस्कवरची माणसं घाईत असतात. ती खोडतात, पण कारण सांगायला त्यांना वेळ नसतो.

मी मराठी दैनिकातून इंग्रजीकडे आले आणि आता नव्या बातमीदारांच्या कॉपी तपासते. आपल्या लोकांच्या गफलती ठरावीक असतात, कारण त्या मराठी बातमीच्या सवयींतून येतात. मराठीत त्या सवयी शोभतात. इंग्रजीत मात्र त्यांच्यामुळे कधी वाक्य बिघडतं, आणि कधी न सिद्ध झालेली गोष्ट तुम्ही स्वतःच्या नावावर छापून बसता. दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे, म्हणून हा लेख.

जवळ काय काय ठेवायचं

- बोलणाऱ्याचे मूळ शब्द, वहीत किंवा रेकॉर्डिंगमध्ये. सोबत पूर्ण नाव, हुद्दा, आणि तो कुठे, कधी, कुणासमोर बोलला याची नोंद.
- मूळ कागद: एफआयआर, कोर्टाचा आदेश, जीआर, कंपनीने शेअर बाजाराला कळवलेली माहिती, प्रसिद्धिपत्रक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेशही त्याच्या संकेतस्थळावर मिळतात. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला सारांश म्हणजे कागद नव्हे.
- तुमच्या संस्थेचं स्टाइलबुक, म्हणजे लिहिण्याच्या नियमांची पुस्तिका. नसेल तर एपी (असोसिएटेड प्रेस) किंवा रॉयटर्स या वृत्तसंस्थांपैकी एकीचं धरा. दोन्हींची भेळ करू नका.
- ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजची लर्नर्स डिक्शनरी. क्रियापदानंतर माणूस येतो की ‘दॅट’ येतो, हे तिच्यात उदाहरणासकट दिलेलं असतं. इंग्रजी-मराठी शब्दकोशात ते सहसा सापडत नाही.

१. आधी ठरवा: या वाक्याला ‘सेड’ लागतं का?

द्रुतगती मार्गावर ट्रक उलटला आणि तुम्ही तो स्वतः पाहिलात. तर ‘ट्रक उलटला’ एवढंच लिहा, पोलिसांच्या तोंडी घालू नका. ट्रकचे ब्रेक फेल झाले, हे मात्र तुम्ही पाहिलेलं नाही. तिथे ‘पोलीस सेड’ हवं. कारण, दोष, आकडे, आरोप, मत, अंदाज आणि वचन या सगळ्यांना धनी, म्हणजे ते सांगणारा कोणीतरी, लागतो. मृतांचा आकडा तर नेहमीच धन्यासकट द्या, कारण रुग्णालय एक सांगतं, तहसीलदार दुसरा सांगतो आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बदलतात.

उलट बाजूनेही चूक होते. मंत्र्यांनी भाषणात सांगितलं म्हणून ‘कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे, असं मंत्री म्हणाले’ असं लिहिलंत, तर वादातीत गोष्टही तुम्ही संशयास्पद करून ठेवता.

२. ‘सेड’वर थांबायला शिका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

मराठीत एका भाषणाच्या बातमीत आपण ‘प्रतिपादन केले’, ‘नमूद केले’, ‘स्पष्ट केले’, ‘मत व्यक्त केले’ अशी क्रियापदं आलटून पालटून लावतो. राजकीय सभा असेल तर ‘टोला लगावला’, ‘सुनावले’, ‘घणाघात केला’. एकच शब्द पुन्हा आला तर तो लिहिणाऱ्याचा आळस, हे निबंधाच्या वहीपासून डोक्यात बसलेलं असतं. मग तीच सवय इंग्रजीत ‘ओपाइन्ड’, ‘स्टेटेड’, ‘अव्हर्ड’, ‘रिमार्क्ड’ अशी उतरते.

इंग्रजी बातमीत ‘सेड’ दहा वेळा आला तरी वाचकाला खटकत नाही. त्याची नजर त्यावरून सरकते आणि नावाकडे व मजकुराकडे जाते, आणि आपल्याला तेच हवं असतं. शिवाय ‘सेड’ फक्त एका गोष्टीची हमी देतो: हा माणूस हे शब्द बोलला. ते खरे की खोटे, यावर तो गप्प राहतो. बाकीची बरीच क्रियापदं गप्प राहत नाहीत.

समजा नगरपालिकेचा अभियंता म्हणाला, ‘पुलाचं ऑडिट झालं होतं.’ आता क्रियापदं बदलून बघा.

‘सेड’ लिहिलंत तर तो तसं म्हणाला, एवढंच.

‘क्लेम्ड’ लिहिलंत तर वाचकाला ऐकू येतं, की याच्या बोलण्यावर बातमीदाराचा विश्वास नाही. आपण इथे हमखास फसतो, कारण मराठी बातमीत ‘दावा केला’ कुठल्याही विधानाला सहज लागतं. विरुद्ध पुरावा तुमच्या हातात असेल आणि तो तुम्ही पुढच्याच वाक्यात देणार असाल, तरच ‘क्लेम्ड’ वापरा.

‘पॉइंटेड आउट’ किंवा ‘नोटेड’ लिहिलंत तर उलटं होतं. ऑडिट झालं होतं ही वस्तुस्थिती आहे आणि अभियंत्याने फक्त तिच्याकडे लक्ष वेधलं, असा अर्थ निघतो. म्हणजे ऑडिटचा अहवाल न पाहता तुम्ही प्रमाणपत्र देऊन टाकलंत. ‘क्लेम्ड’बद्दल एकदा सांगितलं की नवे बातमीदार सावध होतात, पण ‘पॉइंटेड आउट’ सढळ हाताने वापरत राहतात. मला दुसरं जास्त घातक वाटतं, कारण ते सभ्य दिसतं आणि डेस्कच्याही नजरेतून सुटतं.

‘अ‍ॅडमिटेड’ म्हणजे इतका वेळ लपवलेली, कमीपणाची किंवा गुन्ह्याची गोष्ट कबूल केली. इथे मराठीतलं ‘मान्य केलं’ पाय घसरवतं. ‘शिष्टमंडळाच्या मागण्या मंत्र्यांनी मान्य केल्या’ याचं इंग्रजी ‘अ‍ॅडमिटेड’ने होत नाही; तिथे ‘अ‍ॅक्सेप्टेड’ किंवा ‘अ‍ॅग्रीड टू’ हवं.

‘रिव्हील्ड’ आणि ‘डिस्क्लोज्ड’ म्हणजे लपलेलं सत्य बाहेर आलं. पत्रकार परिषदेत चहाबरोबर वाटलेल्या प्रसिद्धिपत्रकातलं वाक्य ‘रिव्हील्ड’ नसतं.

‘रिफ्यूटेड’ची चूक तर दर आठवड्याला दिसते. पुराव्यानिशी खोटं ठरवणं म्हणजे ‘रिफ्यूट’. आरोप नुसते फेटाळले असतील तर ‘डिनाइड’ किंवा ‘रिजेक्टेड’. ‘आमदारांनी आरोप फेटाळले’ इथे ‘रिफ्यूटेड’ लिहिलंत, तर आमदार निर्दोष असल्याचा निकाल तुमच्या वर्तमानपत्राने दिला.

‘अलेज्ड’ आरोपासाठी योग्य आहे, पण आरोप कोणी केला हे त्याच वाक्यात हवं. ‘इन्सिस्टेड’ तेव्हाच, जेव्हा समोरून उलट प्रश्न आले आणि तरी तो माणूस आपल्या म्हणण्यावर अडून राहिला. ‘अ‍ॅडेड’ आधीच्या बोलण्याला जोडून बोलला असेल तर. ‘वॉर्न्ड’, ‘अनाउन्स्ड’, ‘प्रॉमिस्ड’ ही क्रियापदं चालतात, पण इशारा, घोषणा किंवा वचन खरोखरच दिलं गेलं असेल तेव्हा. हसणं किंवा उसासा टाकणं म्हणजे बोलणं नव्हे, म्हणून अवतरणानंतर ‘ही स्माइल्ड’ लिहू नका.

माणसाच्या मनात काय आहे, तेही तुम्हाला दिसत नाही. ‘मंत्र्यांना वाटतं’ हे मराठीत सहज जातं. इंग्रजीत ‘द मिनिस्टर बिलीव्ह्ज’ लिहिण्याऐवजी ‘सेड ही बिलीव्ह्ड’ लिहा. कागदपत्रांना ‘अकॉर्डिंग टू’ शोभतं: अकॉर्डिंग टू द एफआयआर, अकॉर्डिंग टू द ऑर्डर. जिवंत माणसाला ‘सेड’ बरं.

‘सेड’ सोडून दुसरं क्रियापद टाइप होतंय असं दिसलं, की थांबा आणि विचारा: हे क्रियापद जास्तीचं काय सांगतंय, आणि ते मी सिद्ध करू शकते का? उत्तर ‘नाही’ असेल तर परत ‘सेड’वर या.

३. ‘टोल्ड’ आणि ‘इन्फॉर्म्ड’ला ऐकणारा द्या

‘त्यांनी सांगितलं की…’ याचं सरळ रूपांतर ‘ही टोल्ड दॅट…’ असं होतं आणि ते चुकीचं आहे. ‘टोल्ड’नंतर ऐकणारा लागतोच: टोल्ड रिपोर्टर्स, टोल्ड द असेंब्ली, टोल्ड पीटीआय. ‘इन्फॉर्म्ड’चंही तसंच. ‘सेड’चं उलट, त्याला ऐकणारा थेट जोडता येत नाही. ‘एक्स्प्लेन्ड मी’ नाही, ‘एक्स्प्लेन्ड टू मी’.

ऐकणारा कोण, हे नीट लिहिल्याने कायद्याचाही फायदा होतो. संसद आणि विधिमंडळाच्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत द्वेषबुद्धी न ठेवता छापला, तर राज्यघटनेचं कलम ३६१-अ संरक्षण देतं. तेच वाक्य आमदार विधानभवनाच्या पायऱ्यांवर बोलले असतील तर ते संरक्षण मिळत नाही. म्हणून ‘टोल्ड द असेंब्ली’ आणि ‘टोल्ड रिपोर्टर्स आउटसाइड द असेंब्ली’ यांतला फरक वहीतच टिपून ठेवा. अध्यक्षांनी कामकाजातून काढून टाकलेलं वाक्य छापू नका.

४. ‘की’च्या पुढचं सगळं बदलतं

मराठीत ‘मुख्यमंत्री म्हणाले की मी उद्या नाशिकला जाणार आहे’ हे अगदी शुद्ध वाक्य आहे. त्यातला ‘मी’ मुख्यमंत्री आहे, हे कुणालाही कळतं. आपली भाषा बोलणाऱ्याचं सर्वनाम आणि काळ जसाच्या तसा ठेवते. इंग्रजी ठेवत नाही. ‘द चीफ मिनिस्टर सेड दॅट आय विल गो’ असं लिहिलंत, तर नाशिकला बातमीदार निघाला. तिथे ‘सेड ही वुड गो’ हवं.

सर्वनामाबरोबर काळ एक पाऊल मागे जातो: ‘विल’चा ‘वुड’, ‘इज’चा ‘वॉज’, ‘हॅज’चा ‘हॅड’. ‘उद्या’, ‘काल’, ‘इथे’ हे शब्दही बदलतात. उद्याच्या जागी वार किंवा तारीख घाला, कारण वाचक बातमी कधी वाचेल ते ठाऊक नसतं. कायम खरी असलेली गोष्ट वर्तमानकाळात ठेवली तरी चालते. ब्रिटिश वळणाच्या काही माध्यमांत इंट्रोमध्ये, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदात, ‘हॅज सेड’ येतं आणि त्यापुढे ‘विल’ तसाच राहतो. तुमचं स्टाइलबुक काय सांगतं ते बघा आणि एका बातमीत एकच पद्धत ठेवा.

आणखी तीन गोष्टी पटकन. आदरार्थी ‘ते म्हणाले’ इंग्रजीत ‘दे सेड’ होत नाही. कोण पुरुष, कोण स्त्री याची खात्री करून ‘ही’ किंवा ‘शी’ लिहा. मराठी बातमीत ‘म्हणाले की’ यानंतर थेट अवतरणचिन्ह उघडतात. इंग्रजीत पूर्ण अवतरणाआधी ‘दॅट’ येत नाही, फक्त स्वल्पविराम येतो. आणि प्रश्न विचारला असेल तर ‘सेड दॅट व्हाय’ नको, ‘आस्क्ड व्हाय’ हवं.

५. वाक्यात ‘सेड’ची जागा

बोलणारा मोठा असेल, म्हणजे तो बोलला हीच बातमी असेल, तर नाव आधी. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचं विधान त्यांच्या नावाने सुरू करा. पोलीस उपनिरीक्षकाने अपघाताची माहिती दिली असेल तर माहिती आधी आणि ‘पोलीस सेड ऑन ट्यूसडे’ शेवटी.

‘अशी माहिती अमुक यांनी दिली’ या शेपटीचं इंग्रजी करू नका. ‘यावेळी बोलताना ते म्हणाले’ यातलं ‘यावेळी बोलताना’ पूर्ण गाळा. ‘सेड’ म्हटल्यावर बोलणं आलंच.

वाराची जागा सांभाळा. ‘द मिनिस्टर सेड ऑन मंडे द वर्क वुड बिगिन’ यात सोमवारी मंत्री बोलले की सोमवारी काम सुरू होणार? वारानंतर ‘दॅट’ घातला की गोंधळ मिटतो. एरवी ‘सेड’नंतर ‘दॅट’ गाळला तरी चालतो. वार आडवा आला की तो ठेवायचा, असं एपीचं स्टाइलबुकही सांगतं.

लांब अवतरण असेल तर पहिल्या वाक्यानंतरच ‘ही सेड’ द्या. वाचकाला चार वाक्यं कोण बोलतंय हे न कळता वाचायला लावू नका. दुसरा माणूस बोलायला लागला की नवा परिच्छेद. ‘शर्मा सेड’ हा साधा क्रम. नावामागे लांबलचक ओळख जोडायची असेल तेव्हाच ‘सेड शर्मा, हू…’.

६. पोलीस आणि कोर्ट: इथे घाई नको

‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य मराठी गुन्हेवार्तेत इतकं रुळलंय, की इंग्रजीत ‘कन्फेस्ड’ आपोआप टाइप होतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम २३ मध्ये आली आहे. असं असताना तुम्ही ‘द अ‍ॅक्यूज्ड कन्फेस्ड’ लिहिता, तेव्हा खटला उभा राहण्याआधी निकाल लावता. आणि कबुली तुम्ही ऐकलेली नसतेच, पोलिसांनी सांगितलेलं ऐकलेलं असतं. म्हणून धनी पोलिसांना करा: ‘पोलीस सेड’. त्यातही ‘अरेस्टेड फॉर मर्डरिंग’ नको. कुठल्या गुन्ह्याच्या संशयावरून किंवा कुठल्या कलमाखाली अटक झाली, ते लिहा.

‘अलेज्डली’ सगळीकडे शिंपडून भागत नाही. कोणाचा आरोप आहे हे त्या शब्दात लपून जातं. तक्रारदाराचा? पोलिसांचा? आरोपपत्रातला? तिन्हींचं वजन वेगळं. एकदा धनी सांगा, मग गरज पडेल तिथेच ‘अलेज्डली’.

कोर्टाच्या बातमीत आधी बघा, न्यायाधीश तोंडी बोलले की आदेशात लिहिलं. तोंडी शेऱ्याला ‘सेड’ किंवा ‘ऑब्झर्व्ह्ड’ आणि सोबत ‘ड्युरिंग द हिअरिंग’. ‘हेल्ड’ फक्त कायद्याच्या मुद्द्यावर दिलेल्या निर्णयाला, ‘ऑर्डर्ड’ किंवा ‘डायरेक्टेड’ फक्त आदेशाला. तोंडी शेरे छापायला बंदी नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या तोंडी शेऱ्यांवरून निवडणूक आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तेव्हा असं वार्तांकन रोखायला न्यायालयाने नकार दिला. पण तोंडी शेरा आदेशाचा भाग नसतो, हेही वाचकाला कळायला हवं. याचिकेतलं म्हणणं याचिकाकर्त्याचं असतं. ‘हायकोर्ट सेज’ असा मथळा त्यावर देऊ नका.

आणि एक गैरसमज मुळातून काढा: ‘सेड’ लावलं की आपली जबाबदारी संपली, असं नाही. दुसऱ्याचं बदनामीकारक वाक्य त्याच्या नावाने छापलं, तरी छापणारे तुम्हीच. बदनामीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. आपल्या पत्रकारितेत याचं जुनं आणि कडू उदाहरण आहे. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने प्रसिद्ध केली. पत्रं बनावट ठरली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना शिक्षा झाली आणि त्यांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. हेतू शुद्ध होता आणि कागद हातात होता, तरी कागद खरा की खोटा हे तपासण्याचं ओझं छापणाऱ्यावरच पडलं. आरोप छापायचा असेल तर ज्याच्यावर आरोप आहे त्याला फोन करा, त्याचं म्हणणं त्याच बातमीत द्या, आणि शंका असेल तर संपादकाला विचारल्याशिवाय कॉपी पुढे सोडू नका.

७. माणूस मराठीत बोलला, तुम्ही इंग्रजीत लिहिता

महाराष्ट्रात काम करणाऱ्या इंग्रजी बातमीदाराची ही रोजची पायरी आहे, आणि स्टाइलबुकात तिच्याबद्दल फार थोडं सापडतं. अवतरणचिन्हातले इंग्रजी शब्द त्या माणसाने उच्चारलेलेच नसतात. ते तुमचे असतात.

शेतकरी म्हणतो, ‘यंदा पावसानं दगा दिला, सोयाबीन हातचं गेलं.’ शब्दाला शब्द लावून इंग्रजी केलं तर हसू येतं, आणि आपल्याच माणसाला तसं हास्यास्पद करणं मला सहन होत नाही. इथे अवतरण सोडा. पाऊस पडला नाही आणि सोयाबीनचं पीक गेलं, असं तो म्हणाला, हे साध्या इंग्रजीत ‘सेड’ लावून लिहा.

राजकीय भाषण जास्त नाजूक. सभेत ‘त्यांना त्यांची जागा दाखवून देऊ’ म्हणजे बहुतेक वेळा निवडणुकीत हरवू. इंग्रजी अवतरणात ती शारीरिक धमकी वाटू शकते. ‘बघून घेऊ’ म्हणजे धमकी की नुसतं ‘पुढचं पुढे’, हे आवाजावर आणि प्रसंगावर ठरतं. अशा ठिकाणी मूळ मराठी शब्द रोमन लिपीत द्या, शेजारी अर्थ द्या आणि ‘सेड इन मराठी’ असं स्पष्ट लिहा. वादग्रस्त वाक्य असेल तर मराठी जाणणाऱ्या दुसऱ्या सहकाऱ्याला रेकॉर्डिंग ऐकवून त्याचं भाषांतर तुमच्याशी ताडून बघा. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणारा माणूस असेल, तर त्या भागातल्या माणसालाच विचारा.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असायचा. दोन्ही भाषा येणारा वाचक स्वतः ताडून पाहू शकत होता. तुमच्या वाचकासमोर मूळ मराठी नसतं, आणि दिल्लीतला किंवा लंडनमधला वाचक तर पूर्णपणे तुमच्यावर विसंबलेला असतो.

८. नाव न सांगणारे आणि काहीच न बोलणारे

‘सूत्रांनी सांगितले’ याचं ‘सोर्सेस सेड’ करून थांबू नका. अनेकवचन लिहायचं तर माणसं खरंच एकाहून जास्त हवीत. शक्य तितकी ओळख द्या: कुठल्या खात्याचा अधिकारी, त्याला ही माहिती कशी असणार, आणि नाव का देता येत नाही. ‘इट इज लर्न्ट’ ही इंग्रजी वर्तमानपत्रांतली आपल्याकडची खास सोय आहे. ती टाळा, कारण कोणाकडून कळलं हे तिच्यात गायब होतं.

‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ या एका मराठी वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मावतात. इंग्रजीत त्या वेगळ्या लिहायच्या. माणूस भेटला आणि बोलायला नाही म्हणाला, तर ‘डिक्लाइन्ड टू कमेंट’. फोन, मेसेज पोचला आणि उत्तर आलं नाही, तर ‘डिड नॉट रिस्पॉन्ड’. संपर्कच झाला नाही, तर ‘कुड नॉट बी रीच्ड’. रात्री दहाला एक मिस्ड कॉल देऊन ‘डिड नॉट रिस्पॉन्ड’ लिहिणं त्या माणसावर अन्याय आहे. फोन किती वाजता केला, मेल कधी पाठवला, हे वहीत लिहा; उद्या वकिलाची नोटीस आली तर तीच नोंद उपयोगी पडते.

९. मथळा आणि रेडिओ

मथळ्यात ‘सेड’चा ‘सेज’ होतो, कारण इंग्रजी मथळे झालेली गोष्ट वर्तमानकाळात सांगतात. आपल्याकडे ‘सेज’ही गाळून विधानानंतर अपूर्णविराम आणि मग नाव देतात, जसं शेवटी ‘आयएमडी’ (हवामान खातं) किंवा ‘पोलीस’. जागा कमी म्हणून नाव मात्र उडवू नका. नाव उडालं की आरोप वस्तुस्थिती म्हणून वाचला जातो. एकेरी अवतरणचिन्ह हा दुसरा मार्ग, पण त्यातले शब्द खरोखर उच्चारलेले हवेत. ‘स्लॅम्स’, ‘फ्लेज’ ही मथळ्यातली क्रियापदं मजकुरात उतरवू नका.

रेडिओ, टीव्ही आणि पॉडकास्टसाठी लिहीत असाल तर नाव आणि ‘सेज’ वाक्याच्या सुरुवातीला आणा. ऐकणाऱ्याला अवतरणचिन्ह दिसत नाही, आणि आरोप आधी ऐकून धनी नंतर कळला तर तोवर तो आरोप बातमीच्या आवाजात त्याच्या कानात गेलेला असतो.

१०. कॉपी देण्याआधीची फेरी

कॉपी संपली की फक्त क्रियापदांसाठी एकदा वाचा. शोध-खिडकीत ‘क्लेम’, ‘अ‍ॅडमिट’, ‘रिफ्यूट’, ‘रिव्हील’, ‘पॉइंट’, ‘नोटेड’, ‘कन्फेस’ हे शब्द एकेक टाकून बघा; जे सापडेल त्याचा पुरावा त्याच परिच्छेदात आहे का ते तपासा. मग ‘टोल्ड’ आणि ‘इन्फॉर्म्ड’ शोधा आणि ऐकणारा आहे ना बघा. मग अवतरणं घ्या, प्रत्येक अवतरण वहीशी किंवा रेकॉर्डिंगशी ताडा. शेवटी उलटी तपासणी: ज्या वाक्यांना ‘सेड’ नाही ती वाचा आणि प्रत्येकापुढे स्वतःला विचारा, हे मला कसं माहीत? उत्तर ‘कुणीतरी सांगितलं’ असं आलं, तर त्या कुणाचं तरी नाव आणि ‘सेड’ तिथे घाला आणि मगच कॉपी डेस्ककडे पाठवा.